आवाज केव्हा येतो?

पुढच्या चाकाखाली खडखडणारी गाडी गॅरेजात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आवाज कुठून येतो? मालक डावीकडे बोट दाखवतो. मिस्त्री बॉनेटच्या कोपऱ्यावर हात ठेवून गाडी दोनदा दाबतो आणि शॉकअप बदलायचे ठरतात. पंधरा दिवसांनी आवाज पुन्हा सुरू होतो, मग लोअर आर्मचा नंबर लागतो, मग स्टिअरिंगच्या रॅकचा. प्रत्येक वेळी नवा सुटा भाग बसतो, जुना कदाचित धडधाकट असतानाच भंगारात जातो, आणि खरा दोषी भाग जागेवरच राहतो. या सगळ्याचं मूळ त्या पहिल्या प्रश्नात आहे, असं मला वाटतं. आवाज कुठून येतो हे कानाला नीट सांगताच येत नाही. केव्हा येतो, हे मात्र कोणताही चालक अगदी नेमकं सांगू शकतो, आणि निदान त्यावरच उभं राहतं.

कान का फसतो ते आधी पाहू. हवेतून ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादातून पाच किलोमीटरहूनही जास्त. लोअर आर्मच्या टोकाशी बसलेला ठोका सस्पेन्शनच्या फ्रेममधून, चेसिसच्या पट्ट्यांमधून पायाखालच्या पत्र्यापर्यंत डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो. हलगीवर काडी कुठेही पडली तरी सगळं चामडं वाजतं, तसा मग सगळा पत्रा वाजतो. डाव्या चाकाचा ठोका चालकाच्या पायाशी ऐकू येतो, मागच्या सीटवरचा माणूस तो डॅशबोर्डमधून आला म्हणतो, आणि दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात. याउलट आवाज कोणत्या क्षणी आला, त्या वेळी ब्रेक लागला होता की स्टिअरिंग वळलं होतं, खड्ड्यात एकच चाक गेलं की दोन्ही, यात कानाची फसगत होत नाही. आणि त्या क्षणी कोणत्या जोडावर कोणत्या दिशेने जोर आला असेल, हे यंत्राच्या रचनेवरून सांगता येतं.

त्याच गाडीचा टायर वळताना मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत असेल, तर ती वेगळी तक्रार म्हणून कागदावर दुसऱ्या ओळीत लिहू नये. आवाज सांगतो की एखादा जोड सैल झाला आहे. घासणं सांगतं की चाक आपल्या जागेवरून कोणीकडे आणि किती सरकलं आहे. एकाच घटनेच्या दोन साक्षी आहेत त्या, आणि दोन्ही एकत्र वाचल्या तर बहुतेक वेळा एकाच भागाशी येऊन मिळतात.

खानदेशात या दोन्ही साक्षी लवकर मिळतात. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, कारण तिच्यातली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी आपल्या थरांमध्ये ओढून घेते. पुरेसा मुरूम आणि खडी न घालता अशा जमिनीवर केलेला डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. म्हणून आतल्या रस्त्यांवर खड्ड्यांच्या जोडीला लाटाही असतात, आणि लाटेवर सस्पेन्शन पूर्ण दबून पूर्ण उघडतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, डांबर त्याहून कितीतरी तापतं, आणि रबराचे बुश त्या तापातच काम करतात. तापलेलं रबर लवकर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात, त्या चिरांत काळ्या मातीची पिठासारखी धूळ शिरते.

पण माझ्या मते इथलं सगळ्यात मोठं कारण साइडपट्टी आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यातला दुसरा, जो पूर्वी ६ क्रमांकाचा होता आणि आता ५३ झाला आहे, पारोळा-एरंडोलवरून जळगावला जातो. महामार्ग रुंद झाले, पण तालुक्यातून गावाकडे जाणारे रस्ते बहुतेक अरुंदच राहिले. समोरून केळीचा ट्रक किंवा कापसाने भरलेली ट्रॉली आली की डावी चाकं खाली उतरवावी लागतात. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात कित्येक ठिकाणी चांगली पायरी असते. उतरताना डाव्या चाकाला खालून धक्का बसतो. परत वर घेताना डाव्या टायरची आतली भिंत डांबराच्या कडेवर खरवडत जाते, आणि तो आडवा जोर थेट लोअर आर्मवर येतो. दिवसातून दहा वेळा हे घडत असेल तर पुढचं डावं चाक आधी थकेल, ही अपेक्षा वाजवी आहे. तरी अपेक्षा म्हणजे निदान नव्हे. ती फक्त तपासणी कुठून सुरू करावी एवढं सांगते.

आता चाक टांगलेलं कशावर असतं ते पाहू. अँबॅसेडरच्या काळात पुढच्या चाकांचा भार टॉर्शन बारवर असायचा. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात आखलेली रचना असते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने ती आपल्या घरोघरी आणली. या रचनेत शॉकअपभोवतीच कॉइल स्प्रिंग बसवलेली असते. या जोडगोळीचं वरचं टोक रबरी माउंटिंग आणि बेअरिंगमधून बॉडीला, खालचं टोक चाक ज्यावर बसतं त्या नकलला. खालून चाकाला धरतो लोअर आर्म: एका टोकाला बॉल जॉइंट, दुसऱ्या अंगाला फ्रेमशी जोडणारे दोन बुश. स्टिअरिंगची ओढ टाय रॉड देतो, आणि दोन्ही बाजूंना आडवा जोडणारा अँटीरोल बार दोन लिंक रॉडमधून आपलं काम करतो. भाग कमी, वजन कमी, किंमतही कमी. पण प्रत्येक भागाला दोन-दोन कामं. शॉकअप धक्काही पचवतो आणि चाक वळताना त्याचा आसही होतो. म्हणूनच खड्ड्याचा आवाज आणि वळण्याचा आवाज एकमेकांत मिसळतात, आणि त्यांना वेगळं करायला परीक्षा घ्यावी लागते.

पहिली परीक्षा सगळ्यात मोलाची आहे आणि तिला पाना लागत नाही. दोन्ही पुढची चाकं एकदम उचलली जातील अशा गतिरोधकावरून गाडी सरळ न्यायची, नंतर एकच चाक जाईल अशा खड्ड्यातून. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. आपल्याकडचे गतिरोधक त्या मापात क्वचितच बसतात, पण परीक्षेपुरते तेही चालतात. दोन्ही चाकं सारखी वर गेली की अँटीरोल बार आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो, त्याला पीळ पडत नाही आणि लिंक रॉडवर जवळपास जोर येत नाही. एकच चाक खाली गेलं की बार पिळतो आणि लिंक रॉड ताणला-दाबला जातो. म्हणून एकाच चाकाच्या खड्ड्यात खडखड आणि गतिरोधकावर शांतता असेल, तर संशय लिंक रॉडवर आणि बारच्या बुशवर. गतिरोधकावरही धप्प असा जड आवाज येत असेल, तर शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग किंवा स्प्रिंगच्या आतला फाटलेला बंप स्टॉप. एवढ्या एका फरकाने अर्धं गॅरेज तपासातून बाहेर पडतं.

लिंक रॉडकडे थोडं जवळून पाहायला हवं, कारण इतक्या लहान भागाचा इतका मोठा आवाज येतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही. वीतभर किंवा त्याहून थोडी लांब सळई, दोन्ही टोकांना बोराएवढी पोलादी गोळी, ती प्लास्टिकच्या वाटीत ग्रीसमध्ये बसवलेली, आणि वरून रबरी टोपी. टोपीला चीर पडली की आधी ग्रीस बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा चिखल होतो. मग तीच धूळ आत जाऊन वाटी घासते. गोळी आणि वाटीत अर्धा मिलिमीटर प्ले, म्हणजे सैलपणा आला, तरी खडबडीत रस्त्यावर सेकंदाला दहा-दहा ठोके बसतात. गाडी पिटवर किंवा रॅम्पवर चारही चाकांवर सरळ उभी असताना एकाने गाडी हलवायची आणि दुसऱ्याने लिंक रॉडच्या टोकावर बोटं ठेवायची: ठोका कानाआधी बोटांना कळतो. एकच चाक जॅकवर उचलून ही तपासणी केली तर बार पिळलेला राहतो, गोळी वाटीच्या एका अंगाला दाबली जाते आणि प्ले लपतो. भाग ठीक आहे म्हणून सोडून दिलेले कित्येक लिंक रॉड असेच सुटत असतील. शंका उरलीच तर दोन्ही लिंक सोडून बांधून ठेवायचे आणि त्याच रस्त्याच्या तुकड्यावर हळू फेरी मारायची. आवाज गेला तर उत्तर मिळालं. अशा गाडीने वळणावर वेग घेऊ नये, ती जास्त कलते.

बाकीच्या परीक्षा थोडक्यात. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवल्यावर स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टंग’ आवाज आला, तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग जाम आहे किंवा स्प्रिंगचं टोक खाचेत नाही. पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर चाकाच्या गतीने टकटकटक येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घुंघुं उजव्या वळणावर वाढली, तर डाव्या चाकाचं बेअरिंग, कारण वळणावर बाहेरच्या चाकावर भार जातो. आणि कोरड्या दिवसात कुरकुरणारी गाडी पहिल्या पावसात गप्प झाली, तर तो रबराचा आवाज आहे. एकेका बुशवर पाणी मारून तो कोणता हे शोधता येतं. तेल मारू नये, त्याने रबर फुगतं.

आता टायर घासण्याकडे. इथे खुणा डोळ्यांना दिसतात, त्यामुळे निदान सोपं असायला हवं. प्रत्यक्षात बरेच जण प्लास्टिकचं लायनिंग कापून मोकळे होतात, आणि त्याबरोबर पुरावाही कापला जातो. घासलेली जागा चकचकीत दिसते. ती दिसत नसेल तर लायनिंगवर खडूने पट्टे मारून एक फेरी मारावी, पुसलेला पट्टा जागा दाखवतो. दोन्ही बाजूंना, फक्त पूर्ण वळणावर आणि सारखंच घासत असेल, तर दोष टायरच्या किंवा रिमच्या मापात असण्याचा संभव जास्त. गाडी भरलेली असताना सरळ रस्त्याच्या लाटेवर कमानीला वर घासत असेल, तर स्प्रिंग बसली आहे. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना टेपने मोजली की कळतं. पण एकाच बाजूला घासत असेल, तर टायरला दोष देण्याआधी चाक जागेवर आहे का ते पाहायला हवं. स्टिअरिंग सरळ ठेवून टायर आणि कमान यांच्यातलं अंतर पुढे किती, मागे किती, हे दोन्ही बाजूंना मोजायचं. डाव्या बाजूला मागचं अंतर उजव्यापेक्षा स्पष्ट कमी भरलं, तर चाक मागे सरकलं आहे. आर्म वाकला आहे, किंवा त्याचा मागचा बुश फाटला आहे, किंवा फ्रेमच हलली आहे.

हा मागचा बुश दोन साक्षी एका ठिकाणी कशा येतात ते नीट दाखवतो. चाकाला पुढेमागे जाण्यापासून रोखणं हे त्याचं काम. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, आणि फाटलेला बुश त्याला काही मिलिमीटर जाऊ देतो. वळताना ब्रेक लागला तर तेवढ्यानेच टायर मागच्या लायनिंगला टेकतो. मग रिव्हर्स घेऊन ब्रेक लावला की चाक उलट दिशेने परत येतं आणि एकच ‘टक’ वाजतो. मालक दोन तक्रारी सांगतो: वळताना घासतो, आणि रिव्हर्सला ठोका येतो. दोन्ही वेगळ्या धरल्या तर टायरच्या दुकानात एक खर्च, गॅरेजात दुसरा. एकत्र धरल्या तर एक बुश.

मोठ्या टायरची गोष्ट वेगळी. खराब रस्त्यांमुळे गाडी थोडी उंच व्हावी म्हणून मोठा टायर टाकण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि त्यामागची गरज मला पटते. फक्त हिशेब आधी करावा. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर, २०५/६५ आर १५ चा ६४७.५. फरक २६, पण गाडी उंच होते त्याच्या निम्मी, १३ मिलिमीटर. त्यासाठी कमानीतली जागा वर, पुढे आणि मागे १३ मिलिमीटरने कमी झाली, आतल्या आणि बाहेरच्या अंगाला १०-१० मिलिमीटर गेले, आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे ४ टक्के कमी दाखवू लागला. त्यात रिमचा ईटी आकडा मूळच्याहून १० ने कमी असेल, तर चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर गेलं. अशी गाडी घासली तर सस्पेन्शनचा दोष नाही. पण उलटंही खरं आहे: मोठ्या टायरने मोकळी जागा खाल्ली की सैल बुशची जी हालचाल आधी लपून राहायची, ती आता घासून दिसते. म्हणून ‘टायर मोठा आहे ना, घासणारच’ म्हणून तपास थांबवू नये.

आणि ‘अलाइनमेंट करून घ्या, जाईल’ हा सल्ला? अलाइनमेंट गरजेचं आहे, पण ते शेवटचं काम आहे. एका चाकाचा कोन फक्त ०.२ अंशांनी बिघडला, म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत २ मिलिमीटरचा फरक पडला, तरी ते चाक दर किलोमीटरला साडेतीन मीटर आडवं फरफटतं. जळगाव ते धुळे या सुमारे ९० किलोमीटरमध्ये तीनशे मीटरहून जास्त. टायरची एक कड झिजून आधी सळसळ आणि नंतर बेअरिंगसारखी घुंघुं येते ती यामुळे. पण ज्या गाडीचे बुश फाटलेले आहेत तिचं अलाइनमेंट मशीनवर उभी असेपर्यंतच बरोबर असतं. पहिल्या ब्रेकला चाक पुन्हा सरकतं.

रस्तेच असे आहेत तर गाडी वाजणारच, असं म्हणणाऱ्यांचा राग खोटा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ रस्त्याच्या सदोष रचनेने किंवा देखभालीने मृत्यू वा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं. म्हणजे रस्त्याची जबाबदारी कायद्यानेही मानली आहे. पण त्याच रस्त्यावरून तशाच कितीतरी गाड्या आवाज न करता जातात. रस्ता धक्का देतो, वाजतो तो सैल झालेला जोड. रस्ता सुधारेपर्यंत तो जोड तसाच ठेवला तर आपलाच टायर झिजेल.

दुसरा आक्षेप मिस्त्रींचा, आणि तो मी गंभीरपणे घेतो: इतक्या परीक्षा घ्यायला वेळ कुणाकडे आहे, गिऱ्हाईक मजुरी भागाची देतं, तपासाची देत नाही, त्यापेक्षा पूर्ण सेट बदललेला बरा. शॉकअप जोडीने बदलावेत हे मला मान्य आहे, एक नवा आणि एक थकलेला असेल तर गाडी ब्रेकला ओढते. पण सगळंच बदलल्यावर आवाज का गेला हे कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळंच बदलावं लागतं. तपासाची मजुरी वेगळी लावावी आणि मालकाने ती कुरकुर न करता द्यावी, यात दोघांचंही भलं आहे. जुने मिस्त्री नुसत्या कानाने ओळखतात असं जे म्हणतात, तेही नीट पाहिलं तर माझ्या म्हणण्याच्या बाजूचंच आहे. तो मिस्त्री आधी स्वतः गाडी चालवून आणतो, ठरलेल्या खड्ड्यातून नेतो, रिव्हर्स घेतो, मग बोलतो. तो ‘केव्हा’ हाच प्रश्न विचारत असतो.

नवा आर्म घालूनही चार महिन्यांत बुश फाटला, ही तक्रार फार ऐकू येते आणि दोष लगेच ‘लोकल माला’वर जातो. माल हलका असू शकतो. पण आधी पाहावं की आर्मचे बोल्ट कसे आवळले. चाकं लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्याच स्थितीत बोल्ट पक्के आवळले तर बुशचं रबर तिथेच जखडतं, गाडी जमिनीवर टेकताच त्याला कायमचा पीळ बसतो, आणि प्रत्येक खड्डा तो पीळ वाढवतो. बोल्ट हाताने लावून, गाडीचा भार चाकांवर आल्यावर शेवटचं आवळायचं, एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे. दुरुस्तीनंतर फेरी मारायची ती त्याच रस्त्यावर, तितक्याच वेगाने, तितकीच माणसं बसवून आणि सकाळी थंड टायरमध्ये हवा मोजून. दुपारच्या रस्त्यावर तापलेल्या टायरचा दाब सहज चार-पाच पीएसआयने चढलेला असतो, आणि फुगलेला टायर निरोगी सस्पेन्शनलाही खडखडायला लावतो.

एका आवाजाच्या बाबतीत मात्र वाट पाहू नये. चाक उचलून, खाली स्टँड लावून, वरून-खालून धरून हलवलं आणि प्ले जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावं. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग आहे. ब्रेक दाबूनही तेवढाच प्ले राहिला आणि आर्मच्या टोकाशी गोळी वाटीत हलताना दिसली, तर तो बॉल जॉइंट आहे. तो निसटला की चाक कमानीत आडवं होतं आणि स्टिअरिंग हातात असूनही उपयोगाचं राहत नाही. लळिंगचा घाट किंवा चाळीसगावहून कन्नडला चढणारा औट्रम घाट तर दूरच, अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये. मिस्त्रीलाच तिच्यापाशी बोलावून घ्यावं.